स्मार्टवॉचवरचे आकडे: कोणत्या आकड्यावर किती विसंबायचे?

हिवाळ्यातल्या एका सकाळी देवळी तालुक्यातले साठीचे एक शेतकरी ओपीडीत आले. डोके जड, दोन दिवसांपासून मानेत ठणका. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तो निघाला १९६/११२. तीन वर्षांपासून त्यांना रोज एक गोळी सुरू होती, पण दिवाळीपासून त्यांनी ती बंद केली होती. कारण विचारले तर त्यांनी मनगटच पुढे केले. "घड्याळात पाहा ना डॉक्टर, रोज १२२ नाहीतर १२४ दाखवते. मग गोळी कायले घेऊ?"

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने दिवाळीला ते स्मार्टवॉच आणून दिले होते. मुलाचा हेतू चांगला होता, वडिलांचा हिशेबही सरळ होता. आम्ही ते घड्याळ टेबलावरच्या गुंडाळलेल्या टॉवेलला बांधून पाहिले. टॉवेलचा रक्तदाब आला ११८/७८.

असे रुग्ण आता वरचेवर भेटतात. कोणी घड्याळ पाहून गोळी सोडतो, कोणी घड्याळ पाहून रात्री दोन वाजता घाबरून दवाखाना गाठतो. स्मार्टवॉच टाकाऊ वस्तू आहे असे माझे म्हणणे नाही. त्यातला एखादा आकडा खरोखर जीव वाचवू शकतो. पण एकाच काचेवर शेजारी शेजारी दिसणारे पाच आकडे सारख्या भरवशाचे नसतात, आणि घड्याळ हे तुम्हाला सांगत नाही. म्हणून हा लेख.

घड्याळ नेमके काय पाहते?

घड्याळ हातातून काढा, उलटे करा आणि अंधाऱ्या खोलीत धरा. मागच्या बाजूला हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसेल. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटाच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत क्षणभर रक्त वाढते, जास्त प्रकाश शोषला जातो आणि कमी परत येतो. पुढच्या ठोक्यापर्यंत तो पुन्हा वाढतो. ही चढ-उतार घड्याळातला सेन्सर टिपतो आणि त्यावरून नाडी मोजतो. डॉक्टर दोन बोटे ठेवून जे करतात तेच घड्याळ उजेडाने करते.

याखेरीज मनगटावर थेट टिपता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. हाताची हालचाल, कातडीचे तापमान, लाल आणि अवरक्त प्रकाशातून ऑक्सिजनची नोंद आणि काही महागड्या घड्याळांत हृदयाची विद्युत लहर. बाकी जे काही दिसते, म्हणजे 'स्ट्रेस', झोपेचे टप्पे, शरीराचे 'वय', ते या थोड्या नोंदींवरून सॉफ्टवेअरने काढलेले अंदाज असतात.

प्रकाशाने मोजणी करायची तर प्रकाशाची वाट मोकळी हवी. पट्टा सैल असेल, मनगट घामाने निथळत असेल, हात थंड पडला असेल किंवा सतत हलत असेल तर आकडा चुकतो. आपल्याकडच्या अनेक आजीबाईंच्या मनगटावर गोंदण असते. गोंदणाची शाई हा प्रकाश अडवते, त्यामुळे घड्याळ कधी काहीच दाखवत नाही, कधी भलतेच दाखवते. बांगड्यांमुळे घड्याळ वर-खाली सरकते, तेही एक कारण. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, ना सैल ना आवळ असे बांधावे.

जुन्या घड्याळांचा प्रामाणिकपणा

मनगटावर संगणक बांधण्याची हौस नवी नाही. १९७५ च्या सुमारास पल्सर कंपनीने कॅल्क्युलेटर असलेले मनगटी घड्याळ विकायला काढले, पुढे कॅसिओची कॅल्क्युलेटर घड्याळे जगभर गाजली, आणि १९८४ मध्ये सेइकोने चक्क संगणकाला जोडता येणारे घड्याळ आणले. तब्येतीशी यांचा संबंध नव्हता. तो वेगळ्या वाटेने आला. जपानमध्ये १९६५ साली पावले मोजणारे एक छोटे यंत्र निघाले, त्याचे नाव होते 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मीटर. आज प्रत्येक घड्याळ तुमच्या मागे लागते तो दहा हजारांचा आकडा तिथून लोकप्रिय झाला आहे, वैद्यकीय संशोधनातून नाही! फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ मध्ये छातीवरच्या पट्ट्यातून बिनतारी येणारी नाडी मनगटावर दाखवली, ती धावपटूंच्या सरावासाठी.

या इतिहासातली दोन घड्याळे तुमच्या कामाची आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅसिओचे रक्तदाब दाखवणारे घड्याळ बाजारात आले. त्यावर बोट ठेवायचे. हृदयाची विद्युत लहर आणि बोटापर्यंत पोहोचणारी नाडी यांच्यात किती वेळ गेला, त्यावरून ते रक्तदाबाचा अंदाज करायचे. पण त्याआधी ते तुम्हाला खऱ्या बीपी मशीनवर मोजलेला आकडा त्यात भरायला लावायचे. आधार दिल्याशिवाय त्याला अंदाज करताच येत नसे.

दुसरे होते 'ग्लुकोवॉच'. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००१ मध्ये त्याला परवानगी दिली होती. अगदी कमी विद्युत प्रवाह सोडून ते कातडीतून द्रव ओढून घ्यायचे आणि त्यातली साखर मोजायचे. बांधल्यावर तीन तास थांबायचे, मग बोटाला सुई टोचून आलेली साखर त्यात भरायची, मग कुठे आकडे सुरू व्हायचे. घाम आला की ते नोंद सोडून द्यायचे. कातडी लाल होऊन चुरचुरायची. २००७ मध्ये त्याची विक्री बंद झाली.

मला या दोन्ही घड्याळांबद्दल आदर वाटतो. त्यांनी वापरणाऱ्याला स्पष्ट सांगितले होते की मला खरा आकडा द्या, तरच मी पुढचे सांगू शकेन. आज दीड-दोन हजारांना मिळणारी काही घड्याळे यातले काहीही न विचारता दहा सेकंदांत बीपी आणि साखर दोन्ही दाखवतात. तीस-पस्तीस वर्षांत तंत्रज्ञान पुढे गेले हे खरे, पण इतके नाही.

रक्तदाब: सगळ्यात जास्त फसवणारा आकडा

रक्तदाब मोजायचा तर रक्तवाहिनीवर बाहेरून दाब देऊन रक्ताचा प्रवाह थांबवावा लागतो आणि तो पुन्हा कधी सुरू होतो ते पाहावे लागते. दंडाला हवेचा पट्टा बांधायची पद्धत १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी आणली, आणि स्टेथोस्कोप लावून वरचा-खालचा दोन्ही आकडे ऐकायची रीत १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी शोधली. गांधीजी सेवाग्रामला राहायला आल्यानंतरच्या काळात त्यांचा रक्तदाब अनेकदा फार वाढलेला असे. फेब्रुवारी १९४० मधली त्यांची एक नोंद २२०/११० अशी आहे. आयसीएमआरने गांधीजींच्या आरोग्यावर २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशनात ती छापली आहे. ऐंशी वर्षांपूर्वी हा आकडा पट्टा बांधूनच मिळत होता, आणि आजही उपचार ठरवण्यासाठी आम्ही पट्टाच बांधतो.

हवा न भरणारे घड्याळ फक्त प्रकाशाच्या लहरीचा आकार पाहून अंदाज करते. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की बिनपट्ट्याच्या उपकरणांवरून रक्तदाबाचे निदान किंवा उपचार करू नयेत. मोठ्या कंपन्याही जपून वागतात. सॅमसंगची बीपी दाखवणारी घड्याळे दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावी लागतात. ॲपलने २०२५ मध्ये आणलेली सूचना आकडा देतच नाही. ३० दिवसांच्या नोंदी पाहून 'तुमचा रक्तदाब जास्त असू शकतो, पट्ट्याच्या मशीनवर मोजा' एवढेच सांगते. आणि तिने काहीच सांगितले नाही म्हणून रक्तदाब नाही, असेही नव्हे. अपवाद म्हणजे ज्यांच्या पट्ट्यातच छोटी हवेची पिशवी असते आणि मोजताना जी मनगट आवळतात अशी घड्याळे, उदाहरणार्थ ओम्रॉनचे हार्टगाइड. ती महाग आहेत, आणि मोजताना मनगट हृदयाच्या पातळीला धरावे लागते.

तुमच्या घड्याळाबद्दल शंका असेल तर ते टॉवेलला किंवा एखाद्या दुधी भोपळ्याला बांधून पाहा. नाडीचा आकडा चांगल्या घड्याळातही प्रकाशाच्या गडबडीने कधी कधी दिसून जातो, त्याचे फारसे मनावर घेऊ नका. पण भोपळ्याचा रक्तदाब दिसला तर त्या घड्याळातले बीपीचे पान कायमचे विसरा.

घरी मोजायचे असेल तर दंडाला बांधायचे स्वयंचलित मशीन घ्या. मनगटी घड्याळाइतक्याच किमतीत ते मिळते. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, खर्रा नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटे गप्प बसा. दंड हृदयाच्या पातळीला ठेवा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असे आठवडाभर लिहून आणा. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर तो वाढलेला रक्तदाब. मशीन घेणे जमत नसेल तर गावच्या उपकेंद्रात, आरोग्यवर्धिनी केंद्रात तो फुकट मोजून मिळतो.

ते देवळीचे शेतकरी बचावले. गोळी पुन्हा सुरू केली आणि महिन्याभरात रक्तदाब १३८/८४ वर आला. पण असाच रक्तदाब घेऊन लकवा झाल्यावर येणारेही आम्ही पाहतो. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही, आणि नेमक्या त्यामुळेच खोटा १२२ इतका पटतो. गोळी सुरू असल्यामुळे रक्तदाब नीट आहे, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. बीपी, साखर किंवा रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी घड्याळ पाहून कमी-जास्त करू नका, बंद तर मुळीच करू नका.

साखर: सुई नाही तर आकडा नाही

हा भाग छोटा आहे, कारण उत्तर सरळ आहे. कातडीला न टोचता रक्तातली साखर सांगणारे एकही घड्याळ किंवा अंगठी आजवर एफडीएने मान्य केलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये या संस्थेने लोकांना तसा इशाराच दिला. धोका दोन्ही बाजूंनी आहे. घड्याळात ३०० पाहून कोणी इन्सुलिन वाढवले तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. घड्याळात ११० पाहून निर्धास्त राहिले तर खरी साखर महिनोन् महिने वाढलेली राहते.

इथे एक गफलत होते. दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवलेली काही रुग्ण तुम्ही पाहिले असतील, आणि त्यांच्या घड्याळावर साखर दिसते. ती खरी मोजणी असते. त्या चकतीखाली केसासारखी बारीक तार कातडीच्या आत गेलेली असते, मोजणी ती करते, घड्याळ फक्त तो आकडा दाखवते.

ऑक्सिजन: ९८ टक्के, पण कशाचे?

कोरोनाच्या लाटेत घराघरात ऑक्सिमीटर पोहोचला आणि ९४ च्या खाली गेले की धावपळ करायची हे सगळ्यांना पाठ झाले. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेले हे तत्त्व बोटावर उत्तम चालते, कारण बोटाच्या एका बाजूने सोडलेला प्रकाश दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. मनगटात हाड आहे, प्रकाश आरपार जात नाही. घड्याळाला परत उसळून आलेल्या क्षीण प्रकाशावर भागवावे लागते. म्हणून झोपेत हात अंगाखाली आला तरी घड्याळ ८६ दाखवू शकते. असा आकडा दिसला आणि माणूस नीट बोलत असेल, दम नसेल, तर हात गरम करून बोटाच्या ऑक्सिमीटरवर पुन्हा मोजा. तिथेही कमी आला तर दवाखान्यात या. उलट ओठ निळे पडले असतील किंवा एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर कोणताच आकडा पाहत बसू नका. गडद कातडीवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाने ठळकपणे समोर आणले. आपल्यापैकी अनेकांसाठी ती कामाची माहिती आहे.

विदर्भात याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रक्तक्षय आणि सिकलसेल. ९८ टक्के म्हणजे शरीरात भरपूर ऑक्सिजन, असे आपण समजतो. तसे नाही. हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या दहा गाड्या आल्या आणि दहाही भरलेल्या असल्या तर भरणा १०० टक्के. पाचच गाड्या आल्या आणि पाचही भरलेल्या असल्या तरी भरणा १०० टक्केच, पण कापूस निम्मा. हिमोग्लोबिन ही ती गाडी. ६ हिमोग्लोबिन असलेल्या बाईचे घड्याळ ९८ दाखवते आणि तिला मात्र दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते. घरचे म्हणतात, ऑक्सिजन तर चांगला आहे, हिला कामाचा कंटाळा आला असेल! अशा वेळी हिमोग्लोबिनची साधी तपासणी करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णांत तर ऑक्सिमीटरचा आकडा खऱ्या पातळीपासून दूर असू शकतो. बरे असताना आपला नेहमीचा आकडा किती असतो ते दवाखान्यात विचारून लिहून ठेवा, आणि दुखणे उठले, ताप आला किंवा छातीत दुखून दम लागला तर घड्याळात चांगला आकडा असला तरी थेट रुग्णालयात या.

नाडी: इथे घड्याळ खरेच उपयोगी

शांत बसलेले असताना चांगल्या घड्याळाची नाडी सहसा बरोबर असते. मोठ्या माणसाची विश्रांतीची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. रोज अंगमेहनत करणाऱ्यांची आणि काही बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांची पन्नाशीत असू शकते. खर्रा तोंडात असताना किंवा विडी ओढल्यावर ती वाढते, तापात वाढते, अंगात रक्त कमी असले तरी वाढते. बसल्या जागी सतत १२० च्या वर किंवा ४० च्या खाली जात असेल, किंवा चक्कर येत असेल, तर दाखवा.

घड्याळाची खरी कमाई आहे ती अनियमित नाडीची सूचना. 'एट्रियल फिब्रिलेशन' नावाच्या विकारात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. त्यात रक्त साकळते, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा होतो. अनेकांना याचा पत्ताच नसतो. ॲपलच्या घड्याळावर अमेरिकेत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांहून जास्त लोक होते. त्यातल्या सुमारे अर्ध्या टक्क्याला अशी सूचना आली. सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत हा विकार सापडला. हा विकार येतो-जातो आणि पट्टी लावेपर्यंत काही दिवस गेलेले होते, म्हणून उरलेले सगळे खोटे ठरले असेही नाही. घड्याळाने सूचना दिली तर घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. त्या आठवड्यात ईसीजी काढा. आपल्या भागात हा विकार तरुण वयातही दिसतो, कारण लहानपणी घसादुखीनंतर आलेल्या रुमॅटिक तापाने काहींच्या हृदयाची झडप खराब झालेली असते. तिशीतल्या बाईला अशी सूचना आली, त्यातून ती गरोदर असली, तर इकोही करून घ्यायला हवा.

घड्याळ नसले तरी हे पाहता येते. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवा आणि मिनिटभर नाडी मोजा. ठोके एका लयीत पडतात की कधी दाट, कधी विरळ, हे कोणालाही कळते.

घड्याळातला ईसीजी आणि छातीतले दुखणे

हा परिच्छेद कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. २०१८ पासून काही घड्याळांत ईसीजी आला. घड्याळाची मागची बाजू एका हाताला टेकलेली असते, दुसऱ्या हाताचे बोट तुम्ही बटणावर ठेवता आणि ३० सेकंदांत रेघ उमटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आइंथोव्हेन यांनी रुग्णाचे दोन हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून ईसीजी काढला होता. त्यातल्या दोन हातांमधल्या रेघेइतकीच माहिती घड्याळ देते. दवाखान्यात आम्ही दहा ठिकाणी तारा लावतो आणि हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो. घड्याळ एकाच बाजूने पाहते. त्यावरून लय नियमित आहे की नाही हे कळते. हृदयविकाराचा झटका आला आहे की नाही, हे कळत नाही. 'सायनस रिदम' असा शेरा आला म्हणजे 'सगळे ठीक' असा अर्थ नाही.

छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, थंड घाम, दम, मधुमेही माणसाला अचानक आलेला कमालीचा थकवा, यातले काहीही असेल तर घड्याळात नाडी ७६, ऑक्सिजन ९८ आणि ईसीजी सरळ असला तरी १०८ ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठा. वर्धा, हिंगणघाट, आर्वी इथल्या सरकारी रुग्णालयांत, सेवाग्राम आणि सावंगीला ईसीजी निघतो. स्वतः गाडी चालवत येऊ नका. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, जीभ जड होणे यालाही हाच नियम. पहिला ईसीजी दवाखान्यातही कधी कधी सरळ येतो, म्हणून आम्ही तो पुन्हा काढतो आणि रक्ताची तपासणी करतो. घड्याळाच्या एका रेघेवर घरी थांबलेला रुग्ण तेवढा वेळ गमावतो, आणि झटक्यात तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो.

पावले, झोप आणि उन्हाळा

घड्याळ पावले मोजत नाही, हाताचे हेलकावे मोजते. कापूस वेचणाऱ्या बाईचे हात दिवसभर चालतात, तर डोक्यावर गाठोडे धरून चालताना हात हलतच नाहीत. दोघींचाही आकडा चुकणार. शेतात राबणाऱ्याने दहा हजारांची चिंता करू नये. दुकानात दिवसभर बसणाऱ्याने मात्र कालच्यापेक्षा आज जास्त चाललो का, एवढे पाहायला हे साधन उत्तम. झोपेचे एकूण तास साधारण बरोबर असतात, 'गाढ झोप ४२ मिनिटे' हा अंदाज आहे, त्यावरून झोप उडवून घेऊ नका. पण रात्री रोज ऑक्सिजन खाली जात असेल, शेजारच्याला ऐकू जाईल असे घोरणे असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराची तपासणी करायला हवी.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. घड्याळातले तापमान कातडीचे असते, ऊन लागले की नाही ते त्यावरून ठरत नाही. नाडी मात्र इशारा देते. सावलीत येऊन, पाणी पिऊन अर्धा तास झाला तरी नेहमीपेक्षा बरीच जास्त राहिली तर त्या दिवशी पुन्हा उन्हात जाऊ नका. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग चटका बसेल इतके तापले तर अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच रुग्णालयात न्या.

दूर राहणाऱ्या मुलांसाठी

आई-वडिलांच्या घड्याळाचे आकडे तुमच्या फोनवर येत असतील तर ठरवून घ्या की कोणत्या सूचना चालू ठेवायच्या. अनियमित नाडी आणि पडल्याची सूचना चालू ठेवा, बीपी, साखर आणि स्ट्रेस बंद करा. पडल्याची सूचना पोहोचायला अनेक घड्याळांना जवळ फोन आणि नेटवर्क लागते. वावरात ते असेलच असे नाही, म्हणून शेजाऱ्याचा नंबर जवळ असू द्या. रात्री भलता आकडा दिसला तर आधी फोन करून विचारा, "बाबा, दम लागतो का? छातीत काही होते का? नीट बोलता येते का?" उत्तर आणि आकडा जुळत नसतील तर उत्तरावर चाला. नवे घड्याळ पाठवणार असाल तर त्यासोबत दंडाचे बीपी मशीन पाठवा, किंवा दोन्हींतले एकच जमणार असेल तर मशीनच पाठवा.

कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर घड्याळ आणि विशेषतः त्याचा चुंबकाचा चार्जर छातीपासून वीतभर लांब ठेवा, उशाखाली ठेवू नका. शरीरातली चरबी मोजणारी सोय अंगातून सूक्ष्म विद्युत प्रवाह सोडते, ती पेसमेकर असणाऱ्यांनी वापरू नये.

तपासणीला येताना घड्याळाने दिलेली अनियमित नाडीची सूचना किंवा ईसीजीची रेघ असेल तर फोनमधला स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असा, घेऊन या. त्या वेळी काय करत होतात, काय जाणवत होते ते लिहून आणा. बीपीची वही आणि घरचे बीपी मशीनही सोबत आणा. आमच्या मशीनशी ते जुळते का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात.